परळच्या मेडिकलमधली कुलूपवाली पेटी, घरात उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं याचा माझा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण मालकांनीच सांगितलं, ताई नाव टाकू नका, उद्या विरार-पनवेलवरनं लोक पिशव्या भरून औषधं आणतील आणि माझी पेटी एवढीशी आहे. परळ-लालबागच्या मधल्या गल्ल्यांमध्ये राहणाऱ्यांना एवढ्यावरूनच कळेल, जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचं मेडिकल, शेजारी उसाचा रसवाला. ज्यांना नाही कळलं त्यांनी निदान आपल्या नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला हा रिव्ह्यू वाचून दाखवा, कारण उरलेली औषधं परत घ्यायला या माणसाने जी कुलूपवाली पेटी ठेवलीये त्याला फार पैसे लागत नाहीत.

आता मुळात मी तिथे का पोचले ते सांगते, थोडं लांबेल.

बाबांना दीड वर्षं कॅन्सर होता. फेब्रुवारीत गेले. शेवटचे तीन महिने घरीच होते आणि त्या तीन महिन्यांत आमचं दोन खोल्यांचं घर म्हणजे एक छोटं मेडिकलच झालं होतं. दुखण्याची गोळी बदलली की जुनी पट्टी अर्धी तशीच, उलटीची गोळी बदलली की तीही तशीच, डोस वाढला की आधीच्या पॉवरच्या गोळ्या बाजूला. दिवाळीच्या चकल्यांचा जो मोठा स्टीलचा डबा असतो ना आमच्याकडे, त्यात सगळं जमा व्हायचं आणि तो डबा फ्रिजवर. फ्रिजवर म्हणजे घरात येणाऱ्या कोणाचाही हात पोचेल असा. तेव्हा हा विचारच डोक्यात आला नाही, बाबांना रात्री दोनला दुखायला लागलं की गोळी पटकन सापडली पाहिजे एवढंच डोक्यात असायचं.

तेरावं झाल्यावर मी आणि ताई तो डबा घेऊन बसलो. ट्रामाडॉलच्या सदतीस कॅप्सूल. मॉर्फिनच्या बावीस गोळ्या. दुखणं थांबवायला अंगाला चिकटवायचे फेंटानिलचे तीन पॅच, न उघडलेले. इन्सुलिनचं अर्धं पेन आणि सुयांचं पाकीट, एक इनहेलर, पोट साफ व्हायच्या सिरपच्या दोन बाटल्या, अँटिबायोटिकच्या तीन अर्धवट पट्ट्या, पॅन-डी तर विचारू नका. आणि झोपेसाठी दिलेल्या अल्प्राझोलमची एक पट्टी.

एक. माझ्या वहीत दोन पाहिजे होत्या.

मी रोजचं लिहून ठेवायचे, कुठली गोळी किती वाजता दिली, किती उरल्या, कारण डॉक्टर दर वेळी विचारायचे. त्यामुळे चूक माझ्या मोजण्यात नव्हती हे मला माहीत होतं. आणि आता जे लिहिणार आहे त्याची मला अजून लाज वाटते, माझा पहिला संशय आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींवर गेला. बारा वर्षं येतात त्या, बाबांचे पाय चेपून द्यायच्या. तोंडाने काही बोलले नाही पण मनात आलं ते आलंच. चार दिवसांनी ताईच्या मुलाने स्वतःच सांगितलं. सतरा वर्षांचा आहे. आजोबा गेल्यापासून त्याला झोप लागत नव्हती, आजोबांना ही गोळी दिली की ते शांत झोपायचे हे त्याने रोज बघितलं होतं, म्हणून दिवसकार्याच्या गर्दीत एक पट्टी खिशात घातली आणि रोज रात्री अर्धी घ्यायला लागला. आधी अर्धी, मग एक.

आम्ही त्याला ओरडलो नाही, म्हणजे ताई रडली पण ओरडली नाही. सरळ डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट तीन-तीनदा विचारली, याच्यासोबत दुसरं काही घेतलंस का, आजोबांची दुखण्याची गोळी, दारू, काहीही? नव्हतं घेतलं. तेव्हा त्यांनी आम्हाला समजावलं की अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी आणि ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनसारखी दुखण्याची गोळी एकत्र पोटात गेली की श्वासच मंदावतो, झोपेतच थांबू शकतो, आणि आमच्या डब्यात या दोन्ही एकमेकींना चिकटून पडलेल्या होत्या. शिवाय ही गोळी काही आठवडे रोज घेतलेली असेल तर एकदम बंद करायची नाही, फिटसुद्धा येऊ शकते, डॉक्टरांना विचारूनच कमी करायची. आमच्या मुलाचे थोडेच दिवस झाले होते. आता बरा आहे, झोपतो, आजोबांबद्दल बोलतो.

मुद्दाम सगळं लिहिलं कारण गोळ्यांची नशा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर स्कायवॉकखाली बसलेली मुलं येतात. बटन, कुत्ता गोळी हे शब्द आपण पेपरात वाचतो, पोलिसांनी अमुक पकडलं, तमुक पकडलं. ती कुत्ता गोळी म्हणजे बहुतेक वेळा हीच अल्प्राझोलम, जी आपल्याकडे आजीच्या उशाखाली असते. आमच्या घरातला मुलगा काही नशा करायला गेला नव्हता, त्याला झोपायचं होतं. पण सुरुवात अशीच होते असं डॉक्टर म्हणाले, बाहेर कोणी विकत नाही, घरातच मिळते, फुकट मिळते आणि डॉक्टरांनी दिलेली म्हणजे सेफ असणार असं वाटतं.

अशा औषधांसाठी दुकानात किती कडक नियम आहेत ते मला या सगळ्यानंतर कळलं. शेड्यूल एच-वन म्हणून एक यादी आहे, मार्च २०१४ पासून लागू आहे, त्यात अल्प्राझोलम, ट्रामाडॉल, कोडीनवालं कफ सिरप, झोपेच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक येतात. पाकिटावर लाल चौकट असते. ते विकताना मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती गोळ्या दिल्या, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. ट्रामाडॉल तर २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. म्हणजे फॅक्टरीपासून दुकानाच्या काउंटरपर्यंत एकेका गोळीचा हिशोब. आणि काउंटरवरून ती आपल्या पिशवीत पडली की हिशोब संपला, घरातल्या चकल्यांच्या डब्याला कुठलं रजिस्टर.

तर आम्ही ठरवलं की डबा रिकामा करायचा. आणि इथून खरी परीक्षा सुरू झाली कारण कोणालाच माहीत नाही कुठे द्यायचं. ताई म्हणाली संडासात टाकून फ्लश कर. शेजारच्या काकू म्हणाल्या सुक्या कचऱ्यात टाक. सुक्या कचऱ्याला मी लगेच नाही म्हटलं, कारण आमच्या बिल्डिंगचा सुका कचरा खाली गेला की गाडी यायच्या आधी दोन-तीन जण त्यातनं प्लॅस्टिक वेचतात, त्यांच्यासोबत लहान पोरं असतात. भरलेली पट्टी दिसली तर ते पोर ती टाकून देणार आहे का? चमकते ती. आणि समजा तिथून सुटली तरी पुढे डम्पिंगवर हाताने कचरा निवडणारी माणसं आहेतच, त्यांच्या हाताला आपल्या इन्सुलिनच्या सुया टोचायच्या.

एका दुसऱ्या मेडिकलमध्ये, तेही नाव नको, "येथे जुनी औषधे टाका" अशी पेटी आहे असं कळलं म्हणून गेले. पेटी म्हणजे बिस्किटांचा पुठ्ठ्याचा खोका, वरून उघडा, काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, तिथे गिऱ्हाईकं उभी असतात. मी उभी असताना एका माणसाने त्यात सहज हात घालून पट्ट्या वरखाली करून बघितल्या, काउंटरवरच्या पोराने काहीच म्हटलं नाही. हेतू चांगला असेल हो त्यांचा, पण असा खोका म्हणजे माझ्या फ्रिजवरचा डबा उचलून रस्त्यावर ठेवल्यासारखा. मी पिशवी परत घेऊन आले.

मग माझ्या मैत्रिणीने या परळच्या दुकानाचं सांगितलं.

पेटी लोखंडी आहे. देवळातली दानपेटी असते ना तशी, पण तोंड पोस्टाच्या पेटीसारखं, आत एक वाकडा पत्रा लावलाय त्यामुळे वस्तू आत जाते पण हात मनगटाच्या पुढे जात नाही. मी स्वतः घालून बघितला. जमिनीला बोल्ट मारलेत. आणि काउंटरच्या आतल्या बाजूला आहे, म्हणजे काकांच्या, दुकानाच्या मालकांच्या, नजरेसमोरूनच टाकावं लागतं. दोन कुलपं, एक किल्ली काकांकडे, दुसरी बिल्डिंगच्या सेक्रेटरीकडे, दोघं असल्याशिवाय उघडत नाही.

सेक्रेटरी का, तर ही पेटी पुढे बिल्डिंगच्या कचऱ्यातून जाते. आपल्या महापालिकेने मे २०२५ पासून घरगुती सॅनिटरी आणि स्पेशल केअर कचरा वेगळा उचलायची सेवा सुरू केलीये, सॅनिटरी पॅड, डायपर, बँडेज आणि सोबत मुदत संपलेली औषधंसुद्धा. सोसायटीने क्यूआर कोडवरून नाव नोंदवायचं, हा कचरा पिवळ्या पिशवीत द्यायचा, आणि तो डम्पिंगला न जाता हॉस्पिटलचा कचरा जिथे जाळतात तशा ठिकाणी जातो. म्हणजे नीट भट्टीत, चौकात पेटवल्यासारखा नाही. यांच्या सोसायटीने नाव नोंदवलंय आणि पेटी उघडली की सगळं त्याच पिशवीत, समोरासमोर, गाडी यायच्या दिवशी सकाळीच, आदल्या रात्री पिशवी जिन्याखाली पडून राहत नाही. हे मला सगळ्यात आवडलं कारण बाकी सगळे लोक "गोळा" करतात पण गोळा केल्यावर पुढे काय विचारलं की इकडेतिकडे बघतात. आमच्या सोसायटीने अजून नाव नोंदवलेलं नव्हतं, मीटिंगमध्ये विषय काढला तर पार्किंगवरच दोन तास गेले. आता परत काढणार आहे.

देण्याची पद्धत अशी. पिशवी आणलीत की काका ती तशीच पेटीत टाकू देत नाहीत. काउंटरवर ओतायला लावतात. पहिला प्रश्न, "ताई, लाल चौकटवालं काही आहे का?" ते आधी बाजूला. त्याच्या गोळ्या तुमच्या समोर मोजतात, एका फुलस्केप वहीत नाव, संख्या, तारीख लिहितात, तुमची सही, मग कात्रीने पट्टी आडवी कापतात, म्हणजे बॅच नंबर आणि तारखेचे तुकडे होतात आणि ती परत कोणाला विकता येत नाही, आणि ते तुकडे एका पाकिटात सील करून पेटीत. मी विचारलं काका एवढं कशाला, तर म्हणाले विकताना लिहितो तर परत घेताना का नको. मला त्या वाक्यावर बाबांची वही आठवली.

पाकिटावर पेशंटचं नाव, हॉस्पिटलचा नंबर असेल तर काळं मार्कर देतात, खोडा म्हणतात. बाटलीतलं सिरप असेल तर झाकण घट्ट, वर प्लॅस्टिकची पिशवी. इन्सुलिनच्या सुया पेटीत घेतच नाहीत, त्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, हार्पिक किंवा फिनेलची रिकामी असते तशी, बूच लावून वर ठळक लिहून आणायच्या, त्या वेगळ्या जातात. इनहेलरही पेटीत नाही, कारण त्यात दाबलेला गॅस असतो, आगीत गेला तर फुटतो, तो वेगळ्या डब्यात ठेवतात. जुना पाऱ्याचा थर्मामीटर असला तर तोही वेगळा. हे सगळं त्यांनी न चिडता सांगितलं, माझ्यामागे दोन गिऱ्हाईकं थांबलेली असताना.

आणि एक गोष्ट. मी आणलेल्या ढिगात आईची थायरॉईडची गोळी आली होती, बाटली बाबांच्या औषधांत मिसळली होती. काकांनी ती उचलून तारीख बघितली, विचारलं ही कोणाची, ही तर चालू दिसतेय, आणि परत दिली. ओतून बघितलं नसतं तर गेलीच असती आणि आईने दोन दिवस शोधली असती.

मॉर्फिन आणि पॅच त्यांनी घेतले नाहीत. हात पण लावला नाही. म्हणाले हे आमच्या परवान्यातलं नाही, जिथून मिळालं तिथेच द्या, आणि बसने जाताना पर्समध्ये नीट ठेवा, हरवू नका. आधी मला राग आला, एवढ्या लांबून घेऊन आले आणि नेमकं सगळ्यात धोक्याचंच परत. पण बरोबरच होतं त्यांचं. बाबांच्या हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे पेशंटचं दुखणं कमी करणाऱ्या, विभागात फोन केला, तिथल्या सिस्टर म्हणाल्या आणा. बावीस गोळ्या आणि तीन पॅच त्यांनी मोजून घेतले, लिहून घेतले, बाबांच्या फाइलवर नोंद केली. सिस्टरनी विचारलं की वापरलेले पॅच कुठे टाकायचात? मी म्हटलं कचऱ्यात. त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, वापरून काढलेल्या पॅचमध्येसुद्धा भरपूर औषध शिल्लक असतं, लहान मुलाने उचलून अंगाला चिकटवला किंवा तोंडात घातला तर जीव जाऊ शकतो, काढला की चिकट बाजू आत करून घडी घालायची आणि लगेच विल्हेवाट लावायची. तीन महिने आमच्या घरात दर तीन दिवसांनी एक पॅच बदलत होतो. आम्हाला हे कोणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, आणि मी कोणाला दोष देत नाहीये, त्या दिवसांत सांगितलं असतं तरी डोक्यात शिरलं असतं की नाही माहीत नाही, पण एक छापील कागद हातात दिला असता तर फ्रिजला चिकटवून ठेवला असता.

फ्लशचं पण सांगते कारण ताई आणि माझा यावरून वाद झाला होता. दोघी अर्ध्या अर्ध्या बरोबर निघालो. केंद्र सरकारची औषध नियंत्रण संस्था आहे, सीडीएससीओ, त्यांनी २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, काकांनी त्या मोबाइलवर दाखवल्या. त्यात फक्त १७ औषधांची यादी आहे जी परत द्यायची सोय नसेल तर संडासात फ्लश करा असं म्हटलंय. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम, ब्युप्रेनॉर्फिन, मिथाइलफेनिडेट वगैरे. कारण ही घरात एक दिवस जास्त राहिली आणि चुकीच्या माणसाच्या हातात पडली तर एकाच डोसमध्ये घात होऊ शकतो, त्या धोक्यापुढे पाण्याचा धोका कमी धरलाय. बाकी कुठलंच औषध फ्लश करायचं नाही, बेसिनमध्ये सिरप ओतायचं नाही. अँटिबायोटिक तर अजिबात नाही, ती गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत जाणार आणि तिथले जंतू त्या औषधाला सरावणार, मग उद्या आपल्याला ताप आला की तेच औषध लागू पडणार नाही.

आणि जिथे पेटीही नाही आणि पिवळी पिशवीही नाही तिथे काय? काकांनी सांगितलेला उपाय, अमेरिकेत कॉफीच्या चोथ्यात मिसळतात तसं आपण चहाच्या चोथ्यात मिसळायचं. गोळ्या पट्टीतून काढायच्या, कुटायच्या नाहीत, ओल्या चोथ्यात किंवा मातीत कालवायच्या, घट्ट बंद पिशवीत घालून मग कचऱ्यात. घाण दिसतं, वास येतो, कोणी उचलून तोंडात घालणार नाही. हा शेवटचा पर्याय, पण भरलेली पट्टी तशीच टाकण्यापेक्षा हजार पटीने बरा.

आता एक गोष्ट जिच्यावर मी अजून अडकलेय. परळमध्ये राहणाऱ्यांना माहीत आहे, टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर गावाकडून आलेली माणसं महिनोन्‌महिने राहतात, चूल मांडतात. बाबांची न उघडलेली औषधं कचऱ्यात देताना माझा जीव तुटत होता, त्यातली एकेक पट्टी कोणाच्या तरी आठवड्याच्या मजुरीएवढी. मी काकांना म्हटलं, तारीख बाकी आहे, नवीकोरी आहेत, तिथल्या एखाद्याला देऊ का? त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही, जरा थांबले. मग म्हणाले, ताई, तुम्ही ती फ्रिजवर ठेवली होती की उन्हात हे त्याला माहीत नाही, त्याची किडनी कशी आहे तुम्हाला माहीत नाही, आणि लाल चौकटवालं तर दुसऱ्याच्या हातात द्यायचंच नाही. मदतच करायची असेल तर त्याच्या चिठ्ठीवरचं औषध त्याला नवीन घेऊन द्या. मी त्या दिवशी तसं केलं, एका आजोबांच्या मुलीच्या चिठ्ठीवरची औषधं घेऊन दिली. पण खरं सांगते, चांगली औषधं कात्रीने कापताना बघणं मला जड गेलं आणि अजून जातं. काकांचं पटलंय, तरी जातं.

म्हणूनच मला त्यांची दुसरी सवय जास्त महत्त्वाची वाटते, जी पेटीच्या आधीची आहे. पाच गोळ्या लिहून दिल्या असतील तर पाचच देतात. बऱ्याच ठिकाणी अख्खी पट्टी घ्यायलाच लावतात, पट्टी कापून मिळणार नाही म्हणतात, मग उरलेल्या पाच कुठे जाणार, डब्यातच ना. हे कापून देतात आणि पाकिटावर पेनाने औषधाचं नाव आणि एक्सपायरी लिहून देतात कारण कापलेल्या तुकड्यावर तारीख येतेच असं नाही. औषध उरलंच नाही तर पेटीही लागणार नाही.

माझी नणंद न्यूजर्सीला असते, तिला हे सांगितलं तर म्हणाली आमच्याकडे पोलिस स्टेशनमध्येच अशी पेटी असते. तिकडे २०१० पासून त्यांचं अमली पदार्थांचं सरकारी खातं वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, औषधं परत घेण्याचा दिवस पाळतं, कोणी काही विचारत नाही, पिशवी द्या आणि जा. ते ठीक, अमेरिका आहे. पण आपल्या केरळनेसुद्धा केलंय. एनप्राउड नावाची योजना, फेब्रुवारी २०२५ मध्ये कोझिकोडला सुरू झाली, घराघरातून औषधं गोळा करतात, ठरलेल्या ठिकाणी पेट्या आहेत आणि सगळं एर्नाकुलमच्या प्लांटमध्ये नेऊन जाळतात. केरळला जमतं तर मुंबईला का नाही जमणार, इथे तर प्रत्येक नाक्याला दोन मेडिकल आहेत. केंद्राच्या त्या सूचनांमध्येही राज्याचं औषध खातं आणि केमिस्टांच्या संघटनांनी मिळून अशी ठिकाणं सुरू करावीत असं म्हटलंय. काकांनी कोणी सांगायची वाट बघितली नाही.

आता अर्धा स्टार का कापला. एक, वेळ. औषधं परत घ्यायची वेळ फक्त अकरा ते एक, रविवारी बंद. नोकरी करणाऱ्याने काय करायचं, मला हाफ डे टाकावा लागला. काकांचं म्हणणं की संध्याकाळी गर्दी असते, मोजायला वेळ मिळत नाही आणि न मोजता ते घेणार नाहीत. समजू शकते पण शनिवारी संध्याकाळी एक तास तरी ठेवा. दोन, पेटी लहान आहे, दुसऱ्यांदा गेले तेव्हा भरलेली होती, परवा या म्हणाले. फोन करून जा. तीन, काका नसले की जो मुलगा बसतो त्याला सगळी पद्धत माहीत नाही, त्याने माझ्यासमोर एका आजींची पिशवी न बघता ठेवून घेतली होती, काका आल्यावर उघडायला सांगितली तेव्हा आत सुया निघाल्या. त्याला शिकवायला हवं, त्याच्याच हाताला लागेल. चार, बोर्ड फक्त इंग्रजीत आहे. ज्या आजी-आजोबांकडे सगळ्यात जास्त गोळ्या उरतात त्यांना तो वाचता येत नाही, मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरात हवा. मी त्यांना लिहून देते म्हटलंय.

पैसे काही घेत नाहीत. पैसे देतही नाहीत, हे लिहिणं गरजेचं आहे कारण माझ्यासमोर एक गृहस्थ पट्टीचे अर्धे पैसे परत मागत होते. ही औषधं परत विकायला नाहीत, नष्ट करायला आहेत.

जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. पिशवी घरीच एकदा नीट बघा, चालू औषधं वेगळी काढा. लाल चौकटवाली वेगळ्या पाकिटात, मोजून. सुया प्लॅस्टिकच्या बाटलीत. मॉर्फिन, पॅच असलं काही असेल तर आधी तुमच्या हॉस्पिटलला फोन करा. आणि नेईपर्यंत ते सगळं कुलपात ठेवा, कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांशेजारी ठेवलंत तरी चालेल. घरात कोणी नैराश्यातून जात असेल किंवा पोरांच्या वागण्यावरून शंका आली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावता येतो, व्यसनासाठी १४४४६ आहे, दोन्ही फुकट आहेत. ताईने लावला होता, मराठीत बोलले, घाई केली नाही.

मी परत जाणार आहे पुढच्या आठवड्यात. आईच्या कपाटात वरच्या खणात अजून एक पिशवी निघालीये, २०१९ च्या पट्ट्या आहेत त्यात. भाचा म्हणाला मी येतो सोबत, मी मोजतो तू लिही.